खांदशेकणी

दोन अर्ज भरलेत मी.
जंगल खात्याला तीन किलोमीटर हवेत,
पोलिसांना गोळा.
एकाला माझे पाय, एकाला माझा खांदा,
आणि मधल्या पोटाने दोघांनाही पुरवायचं.

पहाटे नहराच्या पाळीवर पळते.
बांध्यांत रोवणा नुकता धरलाय,
पाण्यात आभाळाचे चौकोन,
वाटेवर खेकड्यांनी उपसलेली ओली माती.
डिलेश्वरी माझ्या पुढे, बगळ्यासारखी,
तिचा पाय उमटतो न उमटतो.
माझा रुततो.

संध्याकाळी शाळेच्या मागे गोळा.
गोळा म्हणजे राइस मिलच्या काट्याचं
पाच किलोचं जुनं माप, कडी घासून काढलेलं.
खरा चारचाच असतो,
म्हणजे भरतीच्या दिवशी हाताला हसू येईल.
त्याआधी धानाचा अर्धा कट्टा खांद्यावर घेऊन
बैठका: पंचवीस, मग पंधरा,
मग मोजत नाही.

वहीत सगळं आहे.
ज्या आठवड्यात कट्टा उचलला
त्या आठवड्यात पळायला चाळीस सेकंद जास्त.
ज्या आठवड्यात नुसती पळत राहिले
गोळा एक वीत अलीकडे.
एकाच माठातलं पाणी,
इकडे ओतलं की तिकडे कोरड.

कापगते हवालदार, रिटायर,
मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून सांगतात, "दोन्ही कर."
कसं ते सांगत नाहीत.
आई सांगते, "जेव." लाखोरीची डाळ, भात,
आणि बोडीतले झिंगे मिळाले त्या दिवशी झिंगे.

मग मीच डोकं चालवलं.
सकाळी पळणं, संध्याकाळी कट्टा,
रात्री सगळे निजले की अंगणात पुन्हा बैठका.
सव्वीस दिवस.
सत्ताविसाव्याला हांडा उचलायला वाकले
ती तशीच राहिले.
गुडघ्यांत कुणीतरी धान कांडत होतं.

पोळ्याच्या आदल्या सांजेला
बाबांनी मोऱ्याला अन् कबऱ्याला तलावावरून धुऊन आणलं.
चुलीवर तूप, तुपात हळद.
पळसाचं पान बुडवून
जुवाच्या घट्ट्यावर टेकवत राहिले,
उचलत, टेकवत.
बैल डोळे मिटून उभे.
"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी खांबाला टेकून विचारलं,
बाबा, दोघांत चांगला कोणता?

हसले नाहीत.
"मोऱ्या ओढते. कबऱ्या टिकते.
चिखलणीले मोऱ्याचा भरोसा,
लांबच्या बंडीले कबऱ्याचा.
दोघायलेही दोन्ही येते,
पण एकाच दिवशी दोन्ही मागू नये वो.
अन् पोळ्याले तर जू भितीलेच."

पान पुन्हा बुडवलं.
मला वाटलं, कबऱ्याची दुसरी बाजू राहिली असेल.
"इकडं ये," म्हणाले,
आणि ओढणीची कड बाजूला सारून
कट्ट्याने सोललं होतं नेमकं तिथे
ते पान ठेवलं.

भाजलं. मग भाजेना.
मी मोठी झाल्यापासून
बाबांचा हात माझ्या खांद्यावर आलाच नव्हता.
आलाही तर मधे पळसाचं पान.
आवतन मात्र म्हणाले नाहीत,
फक्त ओठ हलले.

दुसऱ्या दिवशी अंधारातच
डिलेश्वरीने फाटकावर शीळ घातली.
आज पोळा आहे, मी म्हटलं.
"तू का बैल हायेस?"
हो, म्हटलं, आणि कूस वळवली.

वहीत त्या तारखेसमोर
ना मिनिटं, ना मीटर.
जू भितीला, एवढंच लिहिलं.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी पळाले, कट्टा शिवला नाही.
पुढच्या सकाळी कट्टा, पळाले नाही,
आणि दिवसभर चोरी केल्यासारखं वाटत राहिलं.
गोळा कुठवर जाईल ते अजून ठाऊक नाही.
नहरावर घाम आला तेव्हा
खांद्यावरून कोपरापर्यंत
एक पिवळी रेघ उतरत आली होती.
डिलेश्वरीने वळून पाहिलं,
आणि पहिल्यांदाच
थोडी हळू झाली.