तोंड मिटल्यावर

हेल्डुरचं तोंड तीस वर्षं उघडं होतं.
जेवताना, झोपेत, करवतीपुढे,
आमच्या लग्नाच्या एकुलत्या एका फोटोतसुद्धा.
मला दर वेळी वाटायचं,
आता हा काहीतरी बोलणार.
हातातलं काम मी थांबवायचे.
तो नुसता श्वास घ्यायचा.

तार्तूच्या दवाखान्यात डॉक्टर रौडसेपने
पडद्यावर दाखवलं आतलं:
ओलं, गुलाबी, आणि वाट कुठेच नाही.
"हाड सरळ आहे," ती म्हणाली,
"दारं तेवढी फुगलीत चौकटीत."
हेल्डुर म्हणाला, "मग रंधा मारा."
सुतार माणूस. त्याचा त्या महिन्यातला
तेवढाच विनोद.

रंधा नाही. औषधात भिजवलेले कापसाचे बोळे,
मग सुईएवढी कांडी,
आतल्या आत थोडी धग.
बाहेर मी यंत्रातली कॉफी घेतली.
ती पिण्याजोगी निवेपर्यंत
तो आलासुद्धा,
नाकाखाली गॉजची मिशी लावून.
एवढंच? मी विचारलं.
तीस वर्षं, आणि एवढंच?
त्याने खांदे उडवले. तोंड उघडंच.

पहिले पाच दिवस उलट जास्त चोंदलं.
मिठाच्या पाण्याची बाटली, बेसिनवर वाकलेली पाठ,
खपल्या,
आणि माझ्याकडे अशी नजर
जणू मीच फसवलंय.
फळ्या उचलायला बंदी, म्हणून घरभर येरझाऱ्या.
नाक त्याचं, नाकी नऊ माझ्या.

नवव्या दिवशी
प्योल्वाची शेवटची फेरी संपवून, बस डेपोत लावून
घरी आले,
तर हा टेबलाशी बसलेला, तोंड मिटून.
क्षणभर ओळखलंच नाही.
असे आहेत तर याचे ओठ.
खालचा आईवर गेलेला, पातळ, जरा हट्टी.
फ्रिजची घरघर ऐकू येत होती.
मला उगीच भीती वाटली:
आता वाट कशाची बघायची?

कोट काढत होते, तो उठून जवळ आला.
मानेपाशी थांबला.
"मायमु, तुला डिझेलचा वास येतो."
"एकवीस वर्षं बस चालवतेय," मी म्हटलं.
"आणि शेपूचा."
"दुपारचे बटाटे."
"आणि अजून कशाचातरी. थांब."

मी थांबले,
एक हात बाहीत, एक बाहेर.
त्याचं तोंड मिटलेलं होतं
आणि तो शब्द शोधत होता.