परतीची तारीख

एकतीस वर्षं मी चोडण–रायबंदर फेरीबोट चालवली.
दिपश्रीने शाळेत असताना वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं होतं:
बाबा, एवढ्या अंतरात पृथ्वीला चार वळसे होतात.
मी म्हटलं, होत असतील,
पण जेवायला मी रोज घरीच असतो.

आता ती लंडनला, सातवा महिना लागलेला,
आणि मी रात्री अकरा वाजता
फोन चार्जरला लावून, वायर पुरते तेवढंच वाकून
विमानं बघतो.

म्हापशाचा कायतान, तिकिटं काढून काढून केस पिकलेला,
म्हणाला, नाताळाच्या गर्दीत हात घालू नकोस,
वीस जानेवारीनंतर भावाला ओहोटी लागते.
आणि उगाच दहादा बघू नकोस रे,
त्यांना कळतं तुला गरज आहे ते.
त्यांना म्हणजे कुणाला, ते त्यालाही माहीत नव्हतं.
आमच्या फेरीत पायी माणसाला तिकीटच नसायचं.
गरजवंत आणि हवा खायला आलेला
एकाच रॅम्पवरून चढायचे.

मुंबईहून थेट गेलं तर अठरा हजार जास्त.
मोपाहून मस्कत, मस्कतहून लंडन, मध्ये अकरा तास.
सोमवारी बावन्न हजार सातशे.
बुधवारी अठ्ठावन्न.
शुक्रवारी पहाटे एक्कावन्न नऊशे,
खाली लाल अक्षरांत: दोनच जागा शिल्लक.
मला एकच हवी होती.
ठेवीच्या पावतीत एकच बसत होती,
आणि बाळंतपणात बाप नुसता दारात उभा राहतो.

नाव लिहा, पासपोर्टवर आहे तसंच.
शेवंतीची जन्मनोंद पोर्तुगीज अमदानीतली,
तिच्या माहेरच्या नाईकांना शेवटी एक क्यू, एक यू, एक ई,
जे तिच्या घरात कुणी कधी उच्चारलं नाही.
एक अक्षर चुकलं तर विमानात घेत नाहीत म्हणे.
धुक्यात धक्का शोधावा तसं
मी एकेका अक्षरावर बोट टेकवत गेलो.

मग वहीचा कागद फाडून मस्कत काढलं.
मी विमानतळ आतून पाहिलेला नाही,
व्हिडिओ थांबवून थांबवून काढलं:
इथे उतर. पिवळ्या पाटीमागून चाल.
डावीकडे पाणी, फुकट आहे, बाटली भर.
इथे बाकडी, हाताच्या दांड्या नसलेली, आडवी होता येईल.
झोप लागली तर पर्स पोटाखाली घे.
तिने कागद पाहिला, म्हणाली,
फेरीत मी कधी विचारलं का, कुठे लागणार?
मी म्हटलं, नाही.
म्हणाली, तू वर असायचास ना.

उरली परतीची तारीख.
हा रकाना माझ्या धंद्यात नव्हता.
पलीकडे गेलेली बोट
गाड्या उतरवायला लागतील तेवढ्या वेळात परत निघते.
दहा मार्चला परतलं तर एवढे,
एकतीसला परतलं तर सहा हजार चारशे कमी.
एकवीस दिवस.
कॅलेंडरच्या कडेला भागाकार केला:
दिवसाला तीनशे चार रुपये, वर काही पैसे.
त्यात शिगमो, त्यात चहाचा एकच कप,
तिकडे मात्र दिपश्रीच्या कुशीत
आईला आजी म्हणण्याआधी
नुसतं टकाटका बघणारं कोणीतरी.

बाहेर दिवजांनी भरलेल्या नदीवर
शेवटच्या फेरीचा भोंगा झाला.
चालवणारा नवा पोरगा आहे, जरा जास्तच लांब वाजवतो.

मी दहा तारीख दाबली.
ओटीपी आला, चष्म्यावर वाफ होती, दोनदा चुकला.
पैसे गेल्याचा मेसेज वाजला तसं
स्वयंपाकघरातून तिने विचारलं,
कधीची मिळाली परतीची?

दहा मार्च. तीच स्वस्त होती.

बरं, म्हणाली ती,
आणि सोलांची पिशवी काट्यावरून उचलून
पुन्हा काट्यावर ठेवली.