विलंबाबद्दल

आमच्या ऑफिसात तासाचे दहा तुकडे करतात.
एक तुकडा सहा मिनिटांचा.
फोन घेतला, एक तुकडा. मेल वाचली, एक तुकडा.
खिडकीतून पार्क रोवरचं धुकं पाहत बसलं
तर तो तुकडा कुणाच्याच नावावर चढत नाही,
तो आपण पदरचा घालायचा.

बुधवारी जुईचा पुढचा दात पडला.
शाळेत, सफरचंद खाताना.
बाईंनी तो प्लास्टिकच्या इवल्या डबीत घालून पाठवला.
सुहृदचा मेसेज आला:
परीचं तेवढं बघ, माझ्याकडे सुटे नाहीत.
मी उत्तरादाखल अंगठा पाठवला.
मराठीत अंगठा दाखवण्याचा अर्थ काय होतो
ते गुरुवारी सकाळी आठवलं.

त्या रात्री हडर्सफील्डचा एक गालिच्यांचा कारखाना
बापलेकांच्या हातून निघून
कधी गालिच्यावर न बसलेल्या लोकांकडे चालला होता.
जोडपत्र चार, परिच्छेद अकरा:
पेन्शनची तूट कुणाच्या गळ्यात.
पहाटे तीनला सह्या झाल्या.
टॅक्सीत डोळा लागला, हेडिंग्ली आलं,
बूट हातात घेऊन जिना चढले.
तिच्या दारापाशी थांबलेही.
श्वास ऐकला.
बरं वाटलं.
गेले.

सकाळी ती उलटी केलेली उशी मांडीवर घेऊन बसली होती.
रडत नव्हती.
"परीलाही डील होतं का?"

आमच्याकडे सांगलीला दात कौलांवर फेकायचो,
उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दात दे.
उंदराला कधी उशीर झालेला आठवत नाही.
इथल्या छपराच्या पाट्या निसरड्या,
दात सरळ पन्हळीत जाईल.

मग दोन मीटिंगांच्या मध्ये
परीच्या वतीनं पत्र लिहिलं,
अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं.
महोदया,
आपल्या दातासंदर्भात, नियंत्रणाबाहेरील परिस्थितीमुळे
आमच्याकडून झालेल्या विलंबाबद्दल दिलगीर आहोत.
सोबत एक पाउंड. यामुळे हा विषय
पूर्णतः व अंतिमतः मिटला असे समजावे.

(शेवटचं वाक्य हातानं आपोआप लिहिलं.
डाव्यासुद्धा.)

शुक्रवारी सकाळी पत्र माझ्या लॅपटॉपवर परत आलेलं होतं,
लाल पेन्सिलीनं दुरुस्त.
'नियंत्रणाबाहेरील परिस्थितीमुळे' वर काट,
त्यावर एकच शब्द: विसरल्यामुळे.
एक पाउंडचे दोन केलेले.
'अंतिमतः' भोवती गोल, शेजारी प्रश्नचिन्ह.
आणि तळाशी, रविवारच्या वर्गातल्या मराठीत,
ऱ्हस्व-दीर्घाची सगळी भांडणं तशीच ठेवून:

मि जागी होते.
तू दारात होतिस.
आत का नाहि आलीस.

ती शाळेत गेली. मी त्या ओळी वाचत राहिले.
किती तुकडे, मोजले नाहीत.

संध्याकाळी आठवड्याचा हिशोब भरताना
मसुदा, पत्रव्यवहार, असं लिहून पाहिलं.
मशीन विचारतं: ग्राहक क्रमांक?
रकाना रिकामा सोडला तर पुढे जाऊ देत नाही.
विलंब करणाऱ्याचा क्रमांक चालेल का,
असा पर्याय त्यात नाही.

आता वरचा डावा हलतोय.
जेवताना जिभेनं ढकलत असते
आणि ढकलताना माझ्याकडे बघते.
सोमवारी मला एडिंबराला जायचंय, दोन रात्री.
"तोवर धरून ठेवशील?" मी विचारते.
ती घास चावते. विचार करते.
"सांगता येत नाही," म्हणते,
"प्रयत्न करीन."

अगदी माझ्यासारखं.
सगळे हक्क राखून.