लागलाय की

मिरजेत, सतारीचे भोपळे टांगलेल्या गल्लीच्या तोंडाशी
दस्तगीर मुलाण्यांचं रेडिओचं दुकान होतं.
तिथं आता मोबाइलची कव्हरं लोंबतात.
उरलेला माल घाटाकडच्या घरी, माळ्यावर.
माळा पुरेसा उंच नव्हता,
हे एकोणीसच्या पुरात कळलं.

जैबुन, त्यांची धाकटी,
परातीतून व्हॉल्व्ह घेऊन आली, वांगी आणावीत तशी.
खोक्यांचा लगदा झालेला. काचेवरचे नंबर
गाळाबरोबर गेलेले.
"ओळखतात का असे?"
मी एक काच डोक्याच्या केसांवर घासली,
उजेडाकडे तिरकी धरली.
तेलाचा हात फिरला की कधी कधी
पुसलेला आकडा वाफेसारखा वर येतो.
सिक्स व्ही सिक्स. सिक्स के सेव्हन.
पुढचा मुका.

टेस्टर माझाच, बिस्किटांच्या डब्यात बांधलेला.
सुई जरा डावीकडे कलते,
ते मी मनातल्या मनात वजा करतो.
तापायला वेळ द्यायचा.
पहिलं मिनिटभर त्याला काही विचारायचं नाही.
मग पेन्सिलीच्या रबरानं टिचकी:
चांगला असेल तो गप्प बसतो,
खिळखिळा झालेला स्पीकरमधून घंटेसारखा वाजतो.
पलीकडच्या गल्लीतही टिचकी मारून कान लावतात,
पण त्यांना वाजणारा हवा असतो.

काहींच्या आतला चंदेरी डाग दुधासारखा पांढरा.
हवा शिरली.
असले लावायचेच नाहीत. डावीकडे.

डावीकडचा ढीग वाढतच गेला.
"मेलेले एवढे का जपले?"
तिनं एक उलटा केला.
बेकेलाइटच्या बुडाभोवती, दाभणानं, गोल गोल:
शिदगोंडा, बेडग. दिवाळी.
दुसऱ्यावर: मास्तरीणबाई, आरग. पैसे नंतर.
तिसऱ्यावर गावही नाही, नुसतं: रडली.
"गिऱ्हाइकाला जुना दाखवायचा, मग ठेवून घ्यायचा.
अब्बा म्हणायचे,
काढलेला दात अन् काढलेला व्हॉल्व्ह
रस्त्यावर टाकू नये."

चांगले अकरा निघाले.
त्यांच्या बुडावर काही नव्हतं.
ते कुणाच्या घरी गेलेच नव्हते.

मी वायरी गुंडाळायला लागलो तर
तिनं डावीकडचाच एक पुढे केला.
"हा परत लावा."
लावला. तार तांबूस झाली, मग केशरी.
सुई जागची हलली नाही.
"लागलाय की ओ!"
"लागलाय. पण एमिशन संपलंय.
उजेड पडतो, आवाज निघायचा नाही."
"मग राहू दे की जरा."

चहा झाला. बशा उचलल्या.
कुणीतरी दारात येऊन पिठाची गिरणी चालू आहे का
विचारून गेलं.
व्हॉल्व्ह परातीशेजारी तसाच तापत होता,
आणि बटण बंद करायचं
दोघांपैकी कुणीच काढेना.

अकराचे पैसे तिनं मोजून घेतले, दोनदा.

सांगलीच्या एसटीत डबा मांडीवर.
विश्रामबागच्या गतिरोधकावर काचा किणकिणल्या,
म्हणून उघडून पाहिलं, फुटलं का काही.
फुटलं नव्हतं. पण बारा होते.

बारावा उलटा केला:
पद्मावती, मालगाव.
संध्याकाळी लेक गाणार. तातडी.

गुरुवारी परत नेऊन द्यायचाय.
तीन गुरुवार झाले.