टोनची वाट पाहू नये

संगणक आला बटाट्यांच्या ट्रकमधून,
कुटाइसीच्या कुठल्याशा बँकेनं टाकून दिलेला,
काचेच्या कडेला त्यांच्या कॅशियरचं नाव अजून चिकटलेलं.
बाबानं त्याला चहाच्या खोक्यावर बसवलं.
कारखाना बंद पडला तेव्हा पगाराऐवजी
चाळीस रिकामी खोकी मिळाली होती;
आमचं टेबल, स्टूल, कोंबड्यांचं खुराडं,
सगळं त्यांचंच.

मोडेम तेवढा नवा.
आईनं पाठवलेला, थेसालोनिकीहून,
बस ड्रायव्हरच्या हातून,
ऑलिव्हच्या डब्यात, लोकरी मोज्यात गुंडाळून.
आई तिकडं एका म्हाताऱ्या बाईला न्हाऊ-खाऊ घालते
आणि महिन्यातून एकदा फोन करते,
लामाराचं बोलणं संपलेलं असलं तर.
कारण दोन घरं, दोन नंबर आणि तार एक.
ती बोलली की आम्ही मुके,
आम्ही बोललो की ती.

तीन फ्लॉप्यांतली तिसरी खराब निघाली.
ती फुंकून, पदराला पुसून, पुन्हा घालून
कशीबशी चालली.
आणि मग घोडं अडलं ते अडलंच:
डायल टोन नाही.
ठीक आहे म्हणा, किंवा रद्द करा.

बाबानं रिसीव्हर कानाला लावला, मग माझ्या.
टोन होता की.
लांबलचक, न तुटणारा,
दुपारी पोळ्याजवळून जाताना येतो तसा.
"बहिरं आहे हे," बाबा म्हणाला.
बहिरं नव्हतं. परमुलखात वाढलेलं;
आमचा टोन त्याला टोन वाटेना.

चार संध्याकाळी गेल्या, त्यातल्या दोन अंधारात.
पाचव्या दिवशी, शाळेचा शब्दकोश मांडीवर घेऊन
मी खिडकीतल्या खिडकीतल्या खिडकीत उतरले.
तळाशी एक चौकोन होता,
त्यात बरोबरची खूण, आणि पुढं:
डायल करण्याआधी टोनची वाट पाहावी.
बाबाला वाचून दाखवलं.
त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
"काढ ती खूण," म्हणाला,
जरा मोठ्यानंच.

आणखी एक अक्षरही बदलावं लागलं.
आमचं एक्स्चेंज सोव्हिएत काळातलं,
त्याला सूर कळत नाहीत, ठोके कळतात.
मोडेम मोजून ठोके देऊ लागला,
तीनाचे तीन, नवाचे नऊ, शून्याचे दहा,
बाबा बोटांच्या पेरांवर हिशेब ठेवत होता.
मग ते किंचाळलं.
"बेअरिंग गेलं!"
बाबाचा हात बटणाकडं धावला,
पत्ती वळायच्या तीन नंबरच्या मशीनवर
सव्वीस वर्षं धावायचा तसा.
मी तो धरून ठेवला.
घरघर, घासाघीस, कुणीतरी पत्रा ओढत नेल्यासारखं,
आणि एकदम गप्प.
कोपऱ्यात दोन इवलेसे संगणक
एकमेकांना डोळे मिचकावू लागले.

एकच पत्र होतं, अकरा दिवसांपूर्वीचं.
तिकडच्या संगणकात आपली अक्षरं नसतात,
म्हणून आपली भाषा परक्या अक्षरांत.
बाबाला आपली येतात, रशियन येतात,
ही येत नाहीत.
मी वाचलं:
मिरचीची रोपं लावलीत का.
छप्पर अजून पलंगावरच गळतं का.
बाई मला तिच्या बहिणीच्या नावानं हाक मारते,
मी ओ देते.

दारात लामारा, कोपरापर्यंत मक्याचं पीठ.
"माझा फोन मेलाय. तुमचाही मेला का?"
"बस," बाबानं तिच्याकडं खोकं सरकवलं.
"गुलिको आहे."
ती बसली. काचेकडं बघत राहिली.
"मग बोलत का नाही?"

बाबानं मला खुणावलं, पुन्हा वाच.
मिनिटाला पैसे पडतात,
हे त्यानंच मला सकाळपासून तीनदा बजावलं होतं.