खुर्च्यांचे पाय

सप्टेंबरात मी ओरडायचे.
नववीचा वर्ग, खोली सतरा,
ग्रिम्सबीच्या गोदीमागची शाळा,
खिडकीबाहेर सीगल, आत बत्तीस जण,
आणि कुणी जरा हललं की खुर्चीचे चार पाय
फरशीवर करकरा दात खायचे.
मी आवाज चढवला की तेही चढवायचे.
ऑक्टोबरात घसा बसला तो बसलाच.

त्या आठवड्यात फळ्यावर लिहूनच शिकवलं.
पाण्याचं चक्र. बाष्प, ढग, पुन्हा पाणी.
तेव्हा कुठे लक्षात आलं,
वर्गात बोलणं फार नव्हतंच;
घासणं होतं.

केअरटेकर ब्लँचर्ड, निवृत्तीला टेकलेले,
तरुणपणी ट्रॉलरवर होते.
म्हणाले, "इंजिनापाशी कुणी ओरडत नाही, बाई.
हात दाखवतात."
टेनिस क्लबातून पोतंभर जुने चेंडू आणले,
मासे चिरायच्या सुरीनं प्रत्येकाला एक चीर दिली.
अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं फरशीवर बसून
खुर्च्यांना मोजे घालत होतो.
बत्तीस चोक एकशेअठ्ठावीस.
चेंडू निघाले एकशेसत्तावीस.

सोमवारी दारात उभी राहिले,
उरलेल्या आवाजात एकेकाचं नाव घेतलं.
अगाटा. ओवेन. लुकास, टाय खिशात नको, गळ्यात.
पहिला प्रश्न फळ्यावर आहे.
हसले सगळे. दोघांनी चेंडू उपसून
एकमेकांना मारलेही.
परत त्यांनीच बसवले.
मी नुसती शेजारी उभी होते.

हाताची घडी, तोंडावर बोट,
तसली नव्हे ही शांतता.
हिच्यात खोकला आहे, पानं उलटणं आहे,
पेन्सिल मागणं आहे.

रीस वॉडिंगहॅम,
ज्याच्या फाइलला दोन रबरबँड लागतात,
नेमकी तीच खुर्ची घेतो:
तीन पायांत चेंडू, चौथा उघडा.
बदलून देते म्हटलं. नको म्हणाला.
उठताना दोन्ही हातांनी उचलतो,
जणू शेजारी कुणाला नुकती झोप लागली आहे.
कधी विसरतो. खर्र.
सगळे मान वर करतात, तो स्वतःही.
मग पेनं पुन्हा चालू लागतात.

काल मागच्या बाकावरून
कुणीतरी हलकेच विचारलं,
"मिस, ढग व्हायला बाष्पाला धूळ का लागते?"

हा प्रश्न सप्टेंबरातही
कुणी विचारला असेल.