नांगर

एदुविना, वय एकावन्न,
वाल्पाराइसोच्या चढावर शिवणकाम करते.
डॉक्टर जांभळ्या पेनाने रेघा ओढतात:
स्तनाग्राभोवती गोल,
तिथून सरळ खाली, मग आडवी.
"व्रण राहील. नांगरासारखा."
जमीन फाडणारा नव्हे,
खिडकीखालच्या बंदरात
जहाजं धरून ठेवतो, तो.

ती विचारते, टाका कुठला?
विरघळणारा.
सिगारेट आजपासून बंद.
स्पर्श परतेल, कदाचित नाहीही.
आणि वय पुन्हा खाली ओढणारच.

ती हसते. उसवलेलं कापड
जुनी शिवण विसरत नाही,
हे तिला कोण शिकवणार?

"माझी रिळं वरच्या फळीवर असतात.
हात कधी वर जातील?"
"सहा आठवड्यांनी."
म्हणजे आधी फळी उतरवायची,
ती पुटपुटते,
आणि ब्लाउजची बटणं लावते,
तिघांना पाजून झाल्यावर लावायची तशी,
खालून वर.